‘टँक’: आमचे टांके, पोर्तुगीजांचा तांक की इंग्रजांचा रणगाडा?

आबोली (धागाकर्ती)

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानात माहितीफलक लावायचे आहेत. मूळ मजकूर इंग्रजी. त्यात ‘टँक’ हा एकच शब्द चार वेगळ्या वस्तूंसाठी आला आहे: देवळासमोरची पायऱ्यांची तळी, भक्तनिवासाच्या गच्चीवरचा पाणीसाठा, जमिनीखालचा साठा आणि मागचा सेप्टिक टँक. मराठी मसुद्यात चारही ठिकाणी ‘टाकी’ पडली आहे. ‘मंदिराची प्राचीन टाकी’ असे वाचले की काळे प्लास्टिकचे पिंपच डोळ्यांपुढे येते.

यावरून मुळाचाच वाद सुरू झाला. एक बाजू म्हणते हा पोर्तुगीज शब्द, देवळाच्या फलकावर नको. दुसरी म्हणते ‘टांके’ आपलेच, इंग्रजांनी ते आपल्याकडून नेले, तेव्हा बिनधास्त वापरा. तर:

१. ‘टँक’ नेमका कुठला?
२. फलकावर कुठे काय लिहावे?

कृपया ‘ऐकले आहे’ छाप उत्तरे नकोत.

---

व्युत्पत्तीवाला

दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात (१८८६, क्रुकने वाढवलेली आवृत्ती १९०३) या शब्दाची नोंदच अशी सुरू होते की हा दुहेरी मुळाचा, गोंधळात टाकणारा शब्द आहे: एक मूळ भारतीय, एक युरोपीय.

युरोपीय घराणे. लॅटिन ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे. त्यावरून बोलीतल्या लॅटिनमध्ये ‘अडवणे, थांबवणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले असे धरतात. त्याचे स्पॅनिश-पोर्तुगीज रूप ‘एश्तांकार’. वाहते पाणी अडवले की जे साठते ते ‘एश्तांक’. पुढचा ‘एश्’ गळून पोर्तुगीजमध्ये ‘तांक’ उरला.

बरेच जण ‘तांक’ थेट लॅटिन ‘स्ताग्नुम’ म्हणजे साचलेले पाणी यावरून काढतात. अर्थ जुळतो, ध्वनी जुळत नाही. लॅटिनमधल्या ‘ग्न’चा पोर्तुगीजमध्ये नेमाने ‘न्य’ होतो: ‘पुग्नुस’ (मूठ) चे ‘पुन्यु’, ‘लिग्ना’ (सरपण) चे ‘लेन्य’. त्या नियमाने ‘स्ताग्नुम’चा शेवट ‘न्यु’ असा व्हायला हवा, त्यातून कठोर ‘क’ निघत नाही. फ्रेंच ‘एतां’ (तळे) आणि इंग्रजी ‘स्टॅग्नंट’ यांचा ‘स्ताग्नुम’शी संबंध लावतात, तो वेगळा विषय. पोर्तुगीज ‘तांक’साठी ‘अडवणे’ हेच क्रियापद जास्त भक्कम.

भारतीय घराणे. मराठी टांके, टांकी, गुजराती टांकू, राजस्थानात टांका. हे सगळे संस्कृत ‘टंक’ म्हणजे छिन्नी या शब्दाशी जोडतात. छिन्नीने कोरले ते टांके, असा अर्थविस्तार. मराठीत छिन्नीला आजही टाकीच म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या म्हणीतली टाकी पाण्याची नव्हे.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) टांके आणि टांकी दोन्ही आहेत. पण कोशात असणे हा मुळाचा पुरावा होत नाही. १८३१ पर्यंत पोर्तुगीज येऊन तीनशे वर्षे उलटून गेली होती.

---

तिस्क

मग ‘टांके’ हेच पोर्तुगीज ‘तांक’वरून आले नाही कशावरून? वसई, चौल, दीव, गोवा त्यांच्या ताब्यात होते. इस्त्री, बटाटा, काडतूस आले तसे टांकेही आले असेल.

---

व्युत्पत्तीवाला

रास्त शंका. तपासायचे टप्पे असतात, आणि क्रम बदलला की उत्तर चुकते.

आधी तारीख. दोन्ही भाषांत शब्द लेखी केव्हापासून दिसतो. मग त्या तारखेचा अर्थ, आजचा नव्हे. मग ध्वनी: उसना शब्द घेताना त्या भाषेचे लोक कुठला आवाज कसा बदलतात, याचे इतर शब्दांत दिसणारे नियम. मग कुटुंब: भाषेत त्या शब्दाची भावंडे आहेत की तो एकटाच आहे. शेवटी वाट: शब्द कोणाच्या तोंडून, कोणत्या बंदरातून गेला. आपले लोक नेमके उलटे करतात. आधी वाट रंगवतात, कारण ती गोष्ट सांगायला छान असते, आणि तारीख मागितली की गप्प.

टांक्यापुरते ध्वनी पाहा. पोर्तुगीज ‘त’ दंत्य आहे. तो मराठीत बहुतेक वेळा ‘त’च राहतो: तंबाखू, इस्त्री, पिस्तूल, काडतूस, मारतूल. ‘बटाटा’ अपवाद. इंग्रजी ‘टी’ मात्र आपल्याला ‘ट’ ऐकू येतो: टेबल, टाय, टायर. अपवाद ‘तिकीट’. ‘तांक’ उसना घेतला असता तर ‘तांक’, ‘तांकी’ असे काही होण्याचा संभव जास्त. ‘टांके’तला ‘ट’ देशी मुळाकडे बोट दाखवतो. नुसता ‘ट’ पुरेसा नाही, बटाट्याने ते दाखवलेच आहे, पण त्याला कुटुंबाची जोड मिळते: टाकी (छिन्नी), टाकीकाम. शिवाय राजस्थानात वाळवंटातल्या घरांशेजारी पावसाचे पाणी धरायचे टांके असतात, आणि तिथे पोर्तुगीजांचा अंमल कधीच नव्हता.

---

दर्यासारंग

उलट बाजूचीही तारीख द्या की. पोर्तुगीजांनी ‘तांक’ भारतात येऊन उचलला नाही, हे वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीवरून दिसते. मे १४९८ मध्ये मंडळी कालिकतला उतरली. वाटेत एका देवळात नेले, ते त्यांना ख्रिस्ती चर्चच वाटले. त्या देवळाखालच्या बाजूला घडीव दगडांचा मोठा ‘तांक’ होता, आणि वाटेत असे पुष्कळ पाहिले, असे रोजनिशीकार लिहितो. कोकण-गुजरातशी त्यांचा संबंध यायच्या आधीची ही नोंद आहे. मलबारात तर या वस्तूला ‘कुळम’ म्हणतात.

---

तिस्क

पण आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरातून घेतलेला वाटाड्या गुजराती होता ना? त्याच्याकडून उचलला असेल.

---

दर्यासारंग

रोजनिशीत तो नुसता ‘ख्रिस्ती’ आहे. त्याला गुजरातचा मूर (मुसलमान) म्हणणारा बार्रुश हा इतिहासकार कितीतरी वर्षांनंतरचा. तो गुजराती होता असे धरले तरी २४ एप्रिलला मालिंदी सोडले आणि १८ मेला किनारा दिसला. तीन-साडेतीन आठवड्यांत दुभाष्यामार्फत ऐकलेला शब्द कोणी आपल्या वाचकांसाठी अर्थ न देता वापरत नाही. याच रोजनिशीच्या शेवटी कालिकतच्या भाषेतल्या शब्दांची अर्थासह यादी जोडली आहे, म्हणजे परका शब्द परका म्हणून टिपायची सवय होती. ‘तांक’ मात्र सरळ वाक्यात येतो, कसलेही स्पष्टीकरण नाही. लिस्बनच्या वाचकाला तो कळणार हे गृहीत आहे.

---

व्युत्पत्तीवाला

एकदम पटले. म्हणजे दोन घराणी एकमेकांपासून स्वतंत्र, आणि गाठ पडली ती पश्चिम किनाऱ्यावर. पोर्तुगीजांना गुजरातेत ‘टांकू’ ऐकू आले, ते त्यांच्या ‘तांक’सारखेच वाजले, वस्तूही तीच. दोन्ही शब्दांनी एकमेकांना बळ दिले.

इंग्रज मागाहून आले. इंग्रज राजाचा वकील सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी १६१६ ते १६१९ हिंदुस्थानात होता. इथल्या लोकांची मैल-दोन मैल घेराची, दगडी भिंतींनी बांधलेली तळी असतात आणि त्यांना ‘टँक’ म्हणतात, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. म्हणजे इंग्रजीत हा शब्द आधी हिंदुस्थानातले बांधीव तळे एवढ्यापुरताच होता. सूरतेच्या बाजारात पोर्तुगीज दुभाषे आणि गुजराती व्यापारी दोघेही होते. टेरीच्या कानावर नेमका कोणाचा उच्चार पडला, हे वेगळे काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही.

‘टँकार्ड’ (बिअरचा मग) याच्याशी नाते लावू नये. तो शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे, हिंदुस्थानशी गाठ पडायच्या कितीतरी आधी.

---

पानवेल

मराठी बाजूला एक दुरुस्ती जोडते. ‘लेण्यांतली टाकी दोन हजार वर्षे जुनी, म्हणून शब्दही दोन हजार वर्षे जुना’ असा युक्तिवाद हमखास येतो. कान्हेरीसारख्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत पाण्याच्या कोरीव टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. अमक्याने पोढी दान दिली, अशी वाक्ये आहेत. वस्तू जुनी, पण तिचे नाव तेव्हा दुसरे होते. ‘टंक’ छिन्नी म्हणून जुना आहे, ‘टांके’ पाणसाठा म्हणून त्यानंतरचे.

आणि ‘टंक’ दिसला की सगळेच टांक्याला जोडू नका. टांकसाळ, टंक (नाणे), टका ही नाण्याची शाखा. लिहायचा टाक वेगळा, देव्हाऱ्यातला देवाचा टाक वेगळा, शिवणीचा टाका वेगळा. फलक देवस्थानचा असल्याने मुद्दाम सांगते: ‘टाक’चे सामान्यरूप ‘टाका-’, ‘टाके’चे ‘टाक्या-’. ‘टाकावर अभिषेक’ऐवजी ‘टाक्यावर अभिषेक’ असे लिहाल तर वाचणारा घोटाळ्यात पडेल.

---

सत्तरीची_वाट

व्युत्पत्ती झाली, आता वस्तू. इंग्रजी ‘टँक’ आंधळा शब्द आहे, पाणी साठते एवढेच त्याला दिसते. मराठीत पाणी येते कुठून आणि धरले कसे, यावर नाव ठरते.

टाके: अखंड खडकात कोरलेले. किल्ल्यांवर, लेण्यांत. पाणी पावसाचे किंवा कातळातल्या झिरपाचे.

हौद: अरबी शब्द, फारसीतून आला. बांधून काढलेला, बहुधा चौकोनी, बाहेरून पाणी आणून भरलेला किंवा हातपाय धुण्यासाठी. फोंड्याच्या साफा मशिदीशेजारचा (मशीद १५६० सालची) पायऱ्यांचा मोठा जलाशय वर्णनात हौद म्हणून येतो, तो मशिदीच्या संदर्भामुळे.

तळी: गोव्यातली देवळासमोरची किंवा बाजूची. चिऱ्यांच्या भिंती, चारी किंवा एका बाजूने पायऱ्या, पाणी बहुधा खालच्या झऱ्याचे. मंगेशीची तळी सगळ्यांना माहीत आहे. चिरा म्हणजे जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून आतही येते आणि बाहेरही जाते. म्हणून तळीचा तळ सिमेंटने पक्का केला की झरे बुजतात आणि मग मार्चमध्ये टँकर आणायची वेळ येते. ज्यांना ‘टाकी’ हा शब्द डोक्यात असतो त्यांना हे सुचते, कारण टाकी गळू नये ही अपेक्षा असते. तळीला झिरप हवाच. शब्द चुकला की कामही चुकते ते असे.

तळे: मोठे, गावाचे, शेतीचे. गोव्यात मये, करमळी इथली.

पुष्करणी, कुंड: धार्मिक लिखाणात. फलकावर ‘तळी’ पुरे, लोक तेच म्हणतात.

टाकी: माणसाने केलेले भांडे. पत्रा, काँक्रीट, प्लास्टिक. हलवता येवो न येवो.

दोण: विहिरीजवळची दगडी, गुराढोरांना पाणी प्यायला. इंग्रजी मजकुरात यालाही कधी ‘स्मॉल टँक’ लिहितात. लक्ष ठेवा.

---

आबोली

@सत्तरीची_वाट, हेच हवे होते. आग्वादचे काय? दुसऱ्या फलकावर परिसरातल्या जुन्या पाणीव्यवस्थांचा उल्लेख आहे, त्यात ‘आग्वाद टँक’ आहे.

---

दर्यासारंग

आग्वादच्या किल्ल्यावरची आहे ती पोर्तुगीजांच्या भाषेत ‘सिस्तेर्न’. म्हणजे झाकलेला, छताखालचा साठा. ‘तांक’ उघडा, ‘सिस्तेर्न’ झाकलेला, हा फरक ठेवावा. किल्ला १६१२ सालचा. नावच ‘आग्वा’ म्हणजे पाणी यावरून, कारण लिस्बनहून आलेली गलबते इथे गोडे पाणी भरून घेत. मराठीत ‘जलकुंभ’ नको, तो उंचावरचा असतो. ‘भूमिगत जलसाठा’ किंवा सरळ ‘पाण्याचे झाकलेले टाके’ चालेल.

क्षमतेचा आकडा सगळीकडे २३,७६,००० गॅलन असा छापतात. लिटरमध्ये बदलताना जपा. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. पहिल्याने सुमारे १ कोटी ८ लाख लिटर होतात, दुसऱ्याने सुमारे ९० लाख. भारतात जुने आकडे बहुधा ब्रिटिश गॅलनमध्ये असतात, पण मूळ कागद हाती नसेल तर गॅलनच ठेवा.

---

चिरेबंदी

‘सेप्टिक टँक’चे भाषांतर करू नका असे माझे मत. इथे सगळे सेप्टिक टँकच म्हणतात. ‘मैलाटाकी’ सरकारी कागदावर ठीक. शब्द मात्र समजून घ्या, कारण त्यावरून रोज घोटाळा होतो.

‘सेप्टिक’ ग्रीक, ‘कुजवणारे’. अँटिसेप्टिक म्हणजे त्याच्या उलट. डोनाल्ड कॅमरन याने १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटर गावात अशी टाकी बांधून तिला हे नाव दिले. तत्त्व असे की मैला साठवायचा नाही, हवेशिवाय कुजवायचा. गाळ खाली बसतो, साय वर तरंगते, मधले पाणी पुढे जाते. ते पाणी घाणच असते, ते शोषखड्ड्यात म्हणजे सोकपिटात जिरते.

गावात दोन्हींना ‘टाकी’ म्हणतात, आणि गवंड्याला ‘एक टाकी काढ’ म्हटले की तो चिऱ्यांचा, तळ मोकळा असा एकच खड्डा काढून देतो. तो सेप्टिक टँक नव्हे, नुसता मैलाखड्डा. जांभा पाणी पिऊन घेतो, मैला थेट भूजलात, आणि शेजारची बांय (विहीर) बाद. सेप्टिक टँक बंद हवा, तळासकट प्लास्टर केलेला. सोकपिट उघडा हवा. हे दोन विरुद्ध धर्म एका शब्दात मावत नाहीत.

भारतीय मानक २४७० प्रमाणे: आतली रुंदी किमान ७५० मि.मी., पाण्याची खोली किमान १ मीटर, लांबी रुंदीच्या २ ते ४ पट. क्षमता किमान १००० लिटर. मोठी टाकी असेल तर आत पडदी घालून दोन कप्पे करतात, पडदी आत येणाऱ्या बाजूपासून सुमारे दोन-तृतीयांशावर. सोकपिट पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर. जांभ्यात आणि पावसाळ्यात वर येणाऱ्या पाण्यात त्याहून जास्त ठेवलेले बरे. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचा. पूर्ण रिकामी करू नका, थोडा गाळ राहू दिला तर कुजवणारे जिवाणू लगेच काम धरतात.

फलकावर एवढे कोणी लिहिणार नाही, ठाऊक आहे. पण ‘सेप्टिक टँक’ आणि ‘शोषखड्डा’ अशी दोन नावे दोन झाकणांवर रंगवा. उपसायला येणाऱ्या माणसाला कळले पाहिजे. आणि आत कोणी उतरायचे नाही, तेही लिहा. आतल्या वायूने माणूस क्षणात पडतो.

जमिनीखालच्या पिण्याच्या पाण्याच्या साठ्याला इथे ‘संप’ म्हणतात. तो पंपाचा भाऊ नव्हे. जुन्या डच-जर्मन बोलींतल्या ‘दलदल’ या अर्थाच्या शब्दावरून इंग्रजीत ‘सम्प’ आला, ‘स्वाँप’ त्याच्याच गोतातला. खाणीत तळाला पाणी साचते तो खड्डा म्हणजे सम्प. पिण्याच्या पाण्याला दलदलीचे नाव, असो.

---

तिस्क

मूळ धाग्यातला रणगाडा राहिलाच.

---

दर्यासारंग

पहिले महायुद्ध. चिखल, खंदक, काटेरी तारा. ब्रिटिश नौदलाने फेब्रुवारी १९१५ मध्ये चर्चिलच्या पुढाकाराने ‘लँडशिप’ समिती नेमली. म्हणजे जमिनीवरचे जहाज. हे नाव कागदावर आले की गुपित फुटणार. इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या कारखान्यात काम चालू होते तेव्हा ती पाणी वाहून न्यायची यंत्रे आहेत, मेसोपोटेमियासाठी, असे सांगितले जाई. पाणीवाहक या अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होतात डब्ल्यू.सी., म्हणजे संडास. समितीला ते नाव चालेना. डिसेंबर १९१५ मध्ये स्विंटन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि मंडळींनी हौद, साठा अशा अर्थाचे दोन-तीन शब्द चाळून ‘टँक’ निवडला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत फ्लेर्सजवळ तो पहिल्यांदा मैदानात आला. सुमारे २८ टन, आत आठ माणसे.

नाव फसवायला घेतलेले होते, ते कायमचे चिकटले. फ्रेंचांनी ‘शार’ (गाडा) म्हटले, जर्मनांनी ‘पांझर’ (चिलखत). मराठी ‘रणगाडा’ फ्रेंच पठडीतला, निदान काय वस्तू आहे ते सांगतो. गंमत म्हणजे हा अर्थ इंग्रजीतून परत पोर्तुगीजमध्येही शिरला. आज ‘तांक’ म्हणजे पाण्याचा हौद आणि रणगाडा, दोन्ही. लष्करी कागदांत मात्र ते ‘लढाऊ गाडी’ अशा अर्थाचे शब्द वापरतात.

---

व्युत्पत्तीवाला

इंग्रजीतले इतर अर्थ थोडक्यात, कारण भाषांतरात फसवतात.

‘टँक टॉप’ म्हणजे बिनबाह्यांचे बनियनवजा वस्त्र. रणगाड्याशी संबंध नाही. अमेरिकेत पोहण्याच्या तलावाला ‘टँक’ म्हणत, त्यात घालायचा पोशाख तो ‘टँक सूट’, त्यावरून पुढे टॉप.

सामना ‘टँक’ करणे म्हणजे मुद्दाम हरणे. तोही पोहण्याच्या तलावातूनच. मुष्टियुद्धात पैसे घेऊन खाली पडणाऱ्याने ‘सूर मारला’ म्हणत, सूर मारायचा तो टँकमध्ये. आता शेअरही ‘टँक’ होतो. वर्तमानपत्रांनी ‘शेअर टाकीत गेला’ असे लिहू नये, ‘कोसळला’ पुरे.

‘थिंक टँक’ आधी गंमतीने डोक्याला, मेंदूला म्हणत. १९५० च्या दशकाच्या शेवटी संशोधन संस्थेचा अर्थ लागला. रणगाड्याच्या चित्रासकट ‘विचारांचा रणगाडा’ असे भाषांतर अधूनमधून दिसते. ‘अभ्यासगट’ किंवा ‘विचारगट’ म्हणा.

बांधकामात ‘टँकिंग’ म्हणजे तळघराला बाहेरून-आतून पाणी न झिरपणारे अस्तर लावणे. टाकी बांधणे नव्हे. निविदेत हे चुकले तर ठेकेदार तळघराच्या जागी टाकीचा दर लावून मोकळा.

---

पानवेल

आणि मुंबईचा ‘गोवालिया टँक’. ‘गवळ्यांची टाकी’ असे भाषांतर करू नये. गुरांना पाणी पाजायचा तो तलाव होता, पुढे बुजवला. ८ ऑगस्ट १९४२ ला ‘छोडो भारत’ची घोषणा त्याच मैदानावर झाली. सी. पी. टँकही तलावच. हैदराबादचा ‘टँक बंड’ म्हणजे हुसेनसागराचा बांध. भारतीय इंग्रजीत टेरीचा अर्थ असा टिकून राहिला आहे, तर इंग्लंडमध्ये आज टँक म्हटले की धातूचे पिंप आधी आठवते. शासकीय इंग्रजीत ‘टँक इरिगेशन’ असेल तर मराठी ‘तलाव सिंचन’.

---

तिस्क

ठीक, मान्य. दोन्ही घराणी वेगळी. पण मग फलकावर ‘हा शब्द आम्ही इंग्रजांना दिला’ असे लिहायला हरकत काय?

---

व्युत्पत्तीवाला

हरकत एवढीच की अर्धे खरे आहे. लिहायचेच तर: ‘इंग्रजी टँक हा शब्द पश्चिम भारतातील टांके आणि पोर्तुगीज तांक यांच्या संगमातून आला.’ तेही देवळाच्या फलकावर कशाला? तिथे तळी कोणी बांधली, केव्हा बांधली, पाणी कुठून येते, एवढे येऊ द्या.

पोर्तुगीज उसनवारीबद्दल आणखी खोलात जायचे असेल तर मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फु दालगाद पाहा. बार्देशातल्या आसगावचे, जन्म १८५५. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथ १९१३ चा, लुसो-आशियाई (पोर्तुगीज-आशियाई) शब्दसंग्रहाचे दोन खंड १९१९ ते १९२१. वाचताना काळजी घ्यावी ती ही: नोंदीत नाव दिसले म्हणजे शब्द पोर्तुगीजच, असे समजू नये. नोंदीखालची चर्चा वाचायची, मराठी-कोंकणी रूपाशेजारी काय म्हटले आहे ते पाहायचे. आणि नुसत्या साम्यावर जाऊ नये. इंग्रजी ‘मच’ आणि स्पॅनिश ‘मूचो’ एकाच अर्थाचे आणि जवळजवळ एकाच आवाजाचे, पण नाते शून्य. इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’ यांचेही तसेच.

---

आबोली

मजकूर असा ठरवला आहे, पाहून सांगा:

देवळासमोर: ‘तळी’.
गच्चीवर: ‘पाण्याची टाकी’.
जमिनीखाली: ‘भूमिगत पाणीसाठा (संप)’.
मागे: ‘सेप्टिक टँक’ आणि ‘शोषखड्डा’, दोन वेगळ्या पाट्या.
आग्वाद: ‘पाण्याचे झाकलेले टाके’, क्षमता गॅलनमध्ये.

पहिल्या फलकाचे वाक्य: ‘देवळासमोरील ही प्राचीन तळी चिऱ्यांनी बांधलेली असून तिला बारमाही झरे आहेत.’

---

पानवेल

चांगले आहे. ‘तिला’ ठेवा, ते काढू नका. गोव्यात तळी स्त्रीलिंगी एकवचन, तळीचा, तळीत. पुण्या-मुंबईचा वाचक ‘तळी’ हे तळ्याचे अनेकवचन समजतो. ‘ही तळी’ दोन्हीकडे सारखेच वाचले जाते, त्यामुळे ‘तिला’वरूनच एक की अनेक ते कळेल. छापखान्यातला मुद्रितशोधक ‘त्यांना’ करून टाकेल, आधीच सांगून ठेवा.

टाक्याचेही तेच. टाके नपुंसकलिंगी, त्याचे अनेकवचन टाकी: रायगडावरची ‘बारा टाकी’ म्हणजे बारा कोरीव टाकी, बारा पिंपे नव्हेत. गच्चीवरची टाकी स्त्रीलिंगी, अनेकवचन टाक्या. आग्वादच्या ओळीत ‘हे टाके’ लिहा.

---

चिरेबंदी

‘प्राचीन’ला पुरावा आहे का? नसेल तर ‘जुनी’ लिहा. आणि ‘बारमाही’ लिहिण्याआधी मे महिन्यात तळीत पाणी किती उरते ते पायऱ्या मोजून नोंदवा. पावसाळा संपता संपता एकदा, मेच्या मध्यात एकदा. उघड्या राहिलेल्या पायऱ्या गुणिले एका पायरीची उंची, एवढाच हिशेब.

---

आबोली

‘जुनी’ करते. ‘बारमाही’ पाट्या रंगवायच्या आधी मेमध्ये तपासून घेऊ, तोवर ‘तिला झरे आहेत’ एवढेच.